उन्हात रापलेला चेहरा तैलरंगात

वावरात उभी हयात गेलेल्या आबाजींचे पोर्ट्रेट करायचे असेल तर ‘स्किन टोन’ लिहिलेली ट्यूब घेऊच नका. तो गुलाबी रंग आपल्याकडच्या कातडीवर पावडर फासल्यासारखा दिसतो. टिटॅनियम व्हाइट, यलो ऑकर, लाइट रेड (हा फिका नसतो, विटकरी लाल असतो), अ‍ॅलिझरिन क्रिमझन, बर्न्ट अंबर आणि अल्ट्रामरिन ब्लू, एवढे ६ रंग पुरतात. कॅनव्हास १६ × २० इंचांचा.

आबाजींना छपरीत बसवा, उजेड एकाच बाजूने येऊ द्या. उत्तरेचा उजेड सर्वांत चांगला. पूर्वेच्या दारातल्या उन्हाने तासाभरात सावल्या सरकतात.

बर्न्ट अंबर टर्पेंटाइनमध्ये कोऱ्या चहाइतका पातळ करून आकार मांडा. डोळे डोक्याच्या उंचीच्या मध्यावर असतात. पागोट्याने कपाळ झाकले की ते हटकून वर चढवले जातात, म्हणून आधी पागोट्याखालची कवटी काढा. मग डोळे किलकिले करून उजेड आणि सावली असे दोनच भाग पाडा. हा थर वाळू द्या.

मधल्या रंगासाठी २ भाग ऑकर, १ भाग लाइट रेड, १ भाग अंबर. सावलीला अंबर, अल्ट्रामरिन आणि जरासे क्रिमझन. नुसता काळा लावला तर तिथे भोक पडल्यासारखे दिसते. खरी चूक होते ती उजेडाच्या बाजूला. पांढरा मिसळला की रंग थंड पडतो आणि सावळी कातडी राखाडी होते. आधी ऑकर आणि लाइट रेड वाढवून उजळा, पांढरा अगदी शेवटी. नाक, गाल, कान लालसर ठेवा. पागोट्याखालचा कपाळाचा पट्टा उन्हापासून वाचलेला, म्हणून उजळ. गालाच्या हाडावर मात्र आभाळ चमकते. तिथे पांढऱ्यात कणभर अल्ट्रामरिन घाला. डोळ्यातला पांढरा भागही पांढरा रंगवू नका, राखाडीच ठेवा.

वरच्या थरांत थोडे थोडे जवसाचे तेल वाढवत न्या. तेलकट थरावर कमी तेलाचा थर दिला तर पुढे भेगा पडतात. घाणीचे जवस तेल चटणीसाठी उत्तम, पण त्यातल्या गाळाने चित्र पिवळे पडते. रंगसाहित्याच्या दुकानातले रिफाइंडच घ्या.

तेलाच्या चिंध्यांचा बोळा करून ठेवू नका. जवसाचे तेल वाळताना उष्णता सोडते, बोळा आपोआप पेटू शकतो, आणि शेजारी कुटार असले तर घर जाईल. चिंध्या पाण्याच्या बादलीत टाका.

वार्निश ६ महिन्यांनंतर.