अडचणीतल्या दगडखाणीसाठी भांडवल कसे उभारावे

नाशिक परिसरातील सारूळसारख्या भागात खाण व खडीक्रशर चालवणाऱ्याने बँकेची पायरी चढण्याआधी खाणपट्ट्याची (सरकारकडून खाणीसाठी मिळालेल्या भाडेपट्ट्याची) उरलेली मुदत पाहावी. कर्जफेड त्या मुदतीच्या आत संपत नसेल, तर प्रस्ताव बहुधा तिथेच अडतो. पट्ट्याचा करार, पर्यावरण मंजुरी, स्वामित्वधन (रॉयल्टी) भरल्याच्या पावत्या आणि राज्य सरकारच्या महाखनिज या ऑनलाइन प्रणालीवरील वाहतूक परवाने एकत्र लावावेत. पावत्यांवरील ब्रास (खडी मोजण्याचे एकक) आणि विक्री बिलांवरील ब्रास जुळलेच पाहिजेत. माझ्या मते कोणत्याही गुलाबी अंदाजपत्रकापेक्षा हा ताळमेळ अधिक विश्वास देतो.

मात्र नव्या कर्जाआधी अडकलेली येणी सोडवावीत. क्रशरची उद्यम नोंदणी (लघुउद्योगांची सरकारी नोंदणी) असल्यास, २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानुसार सूक्ष्म व लघु पुरवठादाराचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत मिळायला हवेत, अन्यथा रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते. मोठ्या कंत्राटदाराने मान्य केलेली बिले ट्रेड्सवर, म्हणजे बिलांवर मुदतीआधी पैसे मिळवून देणाऱ्या ऑनलाइन मंचावर, वटवता येतात. त्यासाठी तोही तिथे नोंदलेला असावा लागतो.

यंत्रांसाठी मुदत कर्ज आणि डिझेल-मजुरीसाठी कॅश क्रेडिट (मर्यादेपर्यंत लागेल तसे पैसे उचलण्याची सोय) वेगवेगळे मागावे. पावसाळ्यात उत्पादन मंदावते, म्हणून त्या महिन्यांतील हप्ते कमी ठेवण्याची मागणी अर्जातच लेखी करावी.