डोलणारा ट्रेलर कसा स्थिर केला

वेग वाढला, विशेषतः उतारावर, की माझा एका आसाचा ट्रेलर शेपटीसारखा डावीउजवीकडे डोलू लागे. टायरमधील हवा आणि चाकांची बेअरिंग ठीक होती; त्यामुळे संशय वजनाच्या विभागणीवर आला. कपलरवरचा, म्हणजे ट्रेलरच्या पुढच्या दांड्याच्या टोकाला गाडीशी जोडणारा जो भाग असतो त्यावरचा, भार मालासह ट्रेलरच्या एकूण वजनाच्या साधारण १० ते १५ टक्के असावा लागतो. तो मोजण्यासाठी ट्रेलर सपाट जागी उभा करून चाकांना अडथळे लावले आणि कपलर जोडणीच्या नेहमीच्याच उंचीवर राहील अशा बेताने वजनकाट्यावर लाकडी ठोकळा उभा करून त्यावर दांडा टेकवला. एकूण वजन ९०० किलो असताना काटा जेमतेम ४० किलो दाखवत होता.

आसापासून कपलर ३ मीटरवर असल्याने २०० किलोची यंत्राची पेटी एक मीटर पुढे सरकवली, तसा काटा १०७ वर गेला आणि डोलणे थांबले. अर्थात पुढे वाटेल तितके वजन लादणेही बरे नव्हे. त्याने गाडीची मागची बाजू दबते आणि पुढच्या चाकांची पकड सैल होते.

पेटी रॅचेट पट्ट्यांनी आवळली, थोडे अंतर गेल्यावर पट्ट्या पुन्हा ताणल्या, कारण माल बसला की त्या हमखास ढिल्या पडतात. सुरक्षा साखळ्या दांड्याखाली एकमेकींना छेद देऊन अडकवल्या, म्हणजे कपलर निसटला तरी दांडा रस्त्यावर न आपटता साखळ्यांवर तोलला जाईल.