फुगवायच्या बोटीला आउटबोर्ड इंजिन निवडताना

"किती हॉर्सपॉवरचं घेऊ?" आउटबोर्ड, म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून अडकवायचं इंजिन, घेताना बहुतेकांचा पहिला प्रश्न हाच असतो. फुगवायच्या लहान बोटीसाठी मात्र तो शेवटी विचारावा. बोटीच्या मागच्या फळीला किती झेपतं, त्या फळीची उंची किती आणि माणसं-सामान धरून एकूण वजन किती, हे आधी ठरलं की निवड आपोआप दोन-तीन इंजिनांवर येते. उलट्या क्रमाने गेलात तर इंजिन उत्तम आणि बोट उत्तम, पण दोघांचं जमत नाही, असं होतं.

आधी पाटी वाचा

मागच्या फळीवर, म्हणजे ट्रान्समवर किंवा तिच्या आसपास, उत्पादकाची छोटी पाटी किंवा स्टिकर असतो. त्यावर जास्तीत जास्त किती शक्तीचं इंजिन चालेल, किती माणसं आणि किती किलो भार हे लिहिलेलं असतं. शक्ती किलोवॅटमध्ये दिली असेल तर 1.34 ने गुणा: 3 किलोवॅट म्हणजे साधारण 4 हॉर्सपॉवर, 4.5 म्हणजे 6. हा आकडा ओलांडू नका. फुगवायच्या बोटीत फळी बाजूच्या हवेच्या नळ्यांना चिकटवलेली असते. जास्त ताकदीचं इंजिन त्या सांध्याला प्रत्येक लाटेबरोबर पिळत राहतं आणि गोंद हळूहळू सुटू लागतो. सांध्याच्या कडेला बारीक उघडी रेघ दिसली तर समजायचं की सुरुवात झाली आहे.

बोटीला मुळात फळीच नसेल आणि मागे नळ्यांना अडकवायचा मोटर माउंट असेल, तर पेट्रोल इंजिनाचा विचार सोडून द्या. असे माउंट बहुधा छोट्या इलेक्ट्रिक मोटरपुरतेच बनवलेले असतात.

शाफ्टची लांबी: सगळ्यात जास्त चुका इथे होतात

शाफ्ट म्हणजे इंजिनाचा पाण्यात उतरणारा पाय. त्याची लांबी फळीच्या उंचीला जुळायला हवी. मोजण्याआधी बोट पूर्ण दाबाने फुगवा. मऊ बोटीवर घेतलेलं माप चुकतं. इंजिन फळीला आवळणारा क्लॅम्प जिथे बसणार त्या मधल्या जागी, फळीच्या वरच्या कडेपासून सरळ खाली बोटीच्या तळापर्यंत टेप लावा. तळाला फुगवलेला कणा असेल तर कण्याच्या खालच्या रेषेपर्यंत मोजा. माप 38 सेंटिमीटरच्या आसपास आलं तर शॉर्ट शाफ्ट (15 इंच), 51 च्या आसपास आलं तर लाँग शाफ्ट (20 इंच). लहान फुगवायच्या बोटी बहुतांश शॉर्ट शाफ्टच्या असतात, पण गृहीत धरू नका, मोजाच.

इंजिन बसवल्यावर पंख्याच्या (प्रोपेलरच्या) वर जी आडवी पट्टी असते ती बोटीच्या तळाच्या रेषेत किंवा तिच्याखाली फार तर अडीच सेंटिमीटर यायला हवी. पट्टी वर राहिली तर पंखा पृष्ठभागावरची हवा ओढतो: इंजिन एकदम किंचाळतं, आरपीएम (मिनिटाचे फेरे) चढतात आणि बोट मात्र जागची हलत नाही. वळताना हे हमखास होतं. पट्टी फार खाली गेली तर पायाचा अडथळा वाढतो, पाण्याचे फवारे फळीवरून आत येतात आणि उथळ पाण्यात पंखा तळाला घासतो. शॉर्टच्या बोटीला लाँग शाफ्ट लावला की 13 सेंटिमीटर जास्त पाय पाण्यात जातो. "चालतंय की" म्हणून लोक तसंच वापरतात आणि वेग का मिळत नाही म्हणून पंखे बदलत बसतात.

नुसतं पुढे जायचंय की पाण्यावर उठायचंय?

2.7 मीटरच्या बोटीची पाण्यात टेकलेली लांबी साधारण 2.3 मीटर असते. पाणी कापत जाणाऱ्या अशा बोटीचा वेग पावणेचार नॉटच्या, म्हणजे ताशी 7 किलोमीटरच्या आसपास अडतो. त्यापुढे ताकद वाढवली तर बोट स्वतःच्याच लाटेवर चढायला बघते. पुढचं टोक वर, मागचा भाग खाली आणि पेट्रोल भराभर संपतं. एवढ्या वेगावर भागत असेल तर 2.5 हॉर्सपॉवर पुरे.

बोटीने उठून पाण्यावर सरकावं असं वाटत असेल तर वजनाचा हिशेब करा. ठोकताळा असा की दर 20 ते 25 किलोला 1 हॉर्सपॉवर लागते. बोट 35 किलो, इंजिन 26, पेट्रोल 4, एक माणूस 75: एकूण 140 किलो. इथे 6 हॉर्सपॉवरवर बोट उठते. दुसरा माणूस आणि 15 किलो सामान घेतलं की वजन 230 किलो होतं आणि गरज 9 ते 11 हॉर्सपॉवरची. म्हणजे तीच बोट, तेच इंजिन, एकट्याला पळवते आणि दोघांना ढकलते. विकत घेण्याआधी हा हिशेब आपल्या नेहमीच्या भाराने कागदावर करून बघा.

तळही बघायला हवा. लाकडी पट्ट्यांचा गुंडाळता येणारा तळ वेगात लवतो, त्यामुळे अशी बोट नीट उठत नाही. तिला मोठं इंजिन लावणं वाया. हवेचा कडक तळ, अॅल्युमिनियमच्या फळ्या किंवा टणक हल, म्हणजे न फुगवायचा कडक तळ, असेल तरच जास्त ताकदीचा उपयोग होतो.

वजन उचलून बघा, आकड्यावर जाऊ नका

2.5 हॉर्सपॉवरच्या आसपासची चार-स्ट्रोक (पेट्रोलमध्ये तेल मिसळावं न लागणारी) इंजिनं साधारण 13 ते 18 किलोची असतात, 4 ते 6 ची 25 ते 27 च्या आसपास, आणि 8-9.9 ची 37 ते 45. हातात 26 किलो घेऊन हलत्या बोटीत वाकायचं म्हणजे जमिनीवर उचलण्यापेक्षा वेगळंच काम. एकट्याने बोट न्यायची असेल तर दुसऱ्या गटाच्या पुढे जाऊ नका, असं आमचं स्पष्ट मत आहे.

एक फायद्याची गोष्ट: अनेक कंपन्यांची 4, 5 आणि 6 हॉर्सपॉवरची इंजिनं एकाच सिलिंडरवर बेतलेली असतात आणि वजनात जवळजवळ फरक नसतो. पाटी परवानगी देत असेल तर 4 घेऊन 6 चं वजन वाहण्यात अर्थ नाही.

गिअरही बघून घ्या. सगळ्यात लहान इंजिनांना बहुधा रिव्हर्स नसतो. मागे यायला अख्खं इंजिन फिरवायचं असतं. ज्यांना न्यूट्रलही नाही ती सुरू होताच बोट पुढे ढकलतात, धक्क्याजवळ हे धोक्याचं. होंडाच्या 2.3 हॉर्सपॉवरच्या हवेने थंड होणाऱ्या इंजिनात सेंट्रिफ्युगल क्लच (वेग वाढला की आपोआप जोडला जाणारा) असतो, त्यामुळे आयडलवर, म्हणजे नुसतं चालू असताना, पंखा फिरत नाही आणि पाण्याच्या पंपाची देखभालही नाही. पण आवाज मोठा.

पेट्रोल की बॅटरी

पूर्ण थ्रॉटलवर चार-स्ट्रोक इंजिन दर हॉर्सपॉवरला ताशी साधारण 0.35 ते 0.4 लिटर पितं. 6 चं इंजिन म्हणजे तासाला सव्वादोन लिटरच्या आसपास. आतली टाकी साधारण लिटर-दीड लिटरची, तेव्हा लांब जायचं तर बाहेरची टाकी जोडता येते का हे विचारा. जुनी दोन-स्ट्रोक हलकी आणि सोपी, पण 50:1 प्रमाणात तेल मिसळावं लागतं: 5 लिटर पेट्रोलला 100 मिलिलिटर.

इलेक्ट्रिकमध्ये "55 पाउंड थ्रस्ट" हा ढकलण्याचा जोर असतो, हॉर्सपॉवर नव्हे. अशी 12 व्होल्टची मोटर पूर्ण वेगाला सुमारे 50 अँपिअर ओढते, आणि 100 अँपिअर-तासाच्या लेड-अॅसिड बॅटरीतून सुरक्षितपणे निम्मीच वीज वापरता येते. म्हणजे जेमतेम तासभर. मात्र वेग कमी केला की चित्र पालटतं. ताकद निम्मी केली तरी वेग साधारण पाचव्या हिश्श्यानेच घटतो, आणि बॅटरी दुप्पट वेळ टिकते, म्हणजे अंतर दीडपटीहून जास्त. शांत तलावात, थोड्या अंतरासाठी इलेक्ट्रिक अगदी योग्य. भरती-ओहोटीच्या प्रवाहात किंवा समोरून वारा असेल तिथे नाही, कारण तिथे पूर्ण ताकद लागते आणि बॅटरी नेमकी तिथेच संपते.

जुनं घेत असाल तर

विकणाऱ्याने आधीच सुरू करून ठेवलेलं नको. कव्हर काढून हात लावा, इंजिन थंड हवं. थंड असताना दोरीच्या तीन-चार ओढींत सुरू व्हायला हवं. इंजिन थंड करणारं पाणी बाहेर सोडणाऱ्या छिद्रातून सलग धार यायला हवी. धार तुटक असेल तर पंपातला रबरी इम्पेलर (पाणी ढकलणारं चाक) गेला आहे किंवा वाटेत मीठ साचलं आहे. खालचा गिअर तेलाचा स्क्रू सैल करून थेंब बघा: दुधाळ असेल तर सीलमधून पाणी शिरलंय. पाण्याविना सुरू करून दाखवू देऊ नका, कोरडा इम्पेलर थोड्याच वेळात जळतो.

बसवताना

क्लॅम्प हाताने घट्ट करा, दहा मिनिटं चालवून परत आवळा. लाकूड दबतं आणि स्क्रू सैल होतात. इंजिनाला वेगळी दोरी बांधून फळीच्या कड्यात अडकवा. किल स्विचची, म्हणजे ओढली की इंजिन बंद करणारी, दोरी मनगटाला किंवा जॅकेटला. पुढचं टोक वर उचलत असेल तर आधी पेट्रोलची टाकी आणि सामान पुढे सरकवा, मग टिल्ट पिन (इंजिनाचा कल ठरवणारी) एक भोक बोटीच्या दिशेने घ्या. लहान इंजिनात पंख्याला शिअर पिन असते. दगडाला आपटलं की तीच तुटते आणि गिअर वाचतो, म्हणून जास्तीच्या दोन पिना, पक्कड आणि वल्ही बोटीत हवीतच.

उतरवल्यावर पाणी निथळेपर्यंत इंजिन उभंच धरा. आडवं ठेवताना डोकं पायापेक्षा वर राहू द्या, नाहीतर उरलेलं पाणी एक्झॉस्टमधून सिलिंडरकडे जातं. चार-स्ट्रोक इंजिन कोणत्या कुशीवर ठेवायचं त्याची खूण अंगावर किंवा पुस्तिकेत असते. चुकीच्या कुशीवर ठेवलं तर तेल सिलिंडरमध्ये उतरतं आणि पुढच्या वेळी दोरी ओढवत नाही. खाऱ्या पाण्यातून आल्यावर दहा मिनिटं गोड्या पाण्याने धुवा, आणि महिनाभर वापरणार नसाल तर कार्ब्युरेटर (पेट्रोल-हवा मिसळणारा भाग) रिकामा करा. साठवलेल्या पेट्रोलचा चिकट थर त्याच्या बारीक जेटमध्ये, म्हणजे छिद्रांत, अडकतो, आणि इंजिन सुरू होऊन लगेच बंद पडू लागतं ते बहुतेक वेळा त्यामुळेच.