पंचांची हुर्यो कशी रोखावी : गावातील कबड्डी स्पर्धेच्या आयोजकांसाठी

बीड, परभणी, नांदेड, धाराशिवकडच्या गावांत यात्रेला, गणेशोत्सवात किंवा १७ सप्टेंबरच्या मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाला कबड्डीच्या स्पर्धा भरतात, तेव्हा मंडळाची सगळी धावपळ मंडप, फोकस, बक्षिसे, जेवण आणि पाहुण्यांचे सत्कार यांसाठी होते. पंचांच्या एखाद्या निर्णयावर प्रेक्षक उठले तर काय करायचे, हा विचार मात्र ते उठल्यावरच सुरू होतो आणि तोपर्यंत वेळ निघून गेलेली असते. हुर्यो उठते ती बहुतेक वेळा लोक दुष्ट असतात म्हणून नव्हे, तर निर्णय कशासाठी दिला हे त्यांच्यापर्यंत पोहोचलेले नसते म्हणून, असे माझे ठाम मत आहे. त्यामुळे बंदोबस्त वाढवण्याआधी निर्णय दिसेल आणि ऐकू येईल अशी व्यवस्था करणे हे आयोजकांचे पहिले काम आहे.

हा प्रश्न केवळ शिष्टाचाराचा नाही. इंग्लंडमध्ये फुटबॉलच्या ४० पंचांना एकाच सामन्यातील ४७ प्रसंगांचे चित्रीकरण दाखवून एक अभ्यास करण्यात आला होता आणि तो २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. काही पंचांना गर्दीचा आवाज ऐकवला होता, तर उरलेल्यांना चित्रीकरण आवाजाविना दाखवले होते. आवाज ऐकणाऱ्या पंचांनी यजमान संघाविरुद्ध सुमारे १५ टक्के कमी फाऊल दिले. म्हणजे ओरडण्याचा परिणाम होतो आणि तो प्रामाणिक पंचावरही होतो. दूरच्या तालुक्यातून भाड्याची जीप करून आलेल्या पाहुण्या संघाशी हा सरळ अन्याय आहे, आणि म्हणूनच हुर्यो रोखणे हा स्पर्धा न्याय्य ठेवण्याच्या कामाचाच भाग आहे.

या बाबतीत रग्बीकडून बरेच शिकता येते. रग्बी आपल्या भागात क्वचितच पाहायला मिळत असली, तरी अंगाला अंग भिडवून, समोरच्याला पकडून खाली आणण्याचा तो खेळ असल्यामुळे तेथील पंचांची अडचण कबड्डीच्या पंचांना चटकन समजेल. त्या खेळात पंचांशी बोलण्याचा अधिकार कर्णधाराचा मानला जातो. पेनल्टी दिल्यावर एखाद्या खेळाडूने हुज्जत घातली, तर पंच पेनल्टीची जागा आणखी १० मीटर पुढे नेऊ शकतात, म्हणजे बोलण्याची किंमत त्याच्या संघाला तेथल्या तेथे मोजावी लागते. मोठ्या सामन्यांत पंचांच्या अंगावर माइक असतो आणि ते खेळाडूंना काय सांगत आहेत हे दूरचित्रवाणीवर ऐकू येते. काही मैदानांवर तर प्रेक्षक कानाला लहानसा रेडिओ लावून ते बोलणे ऐकतात. आयर्लंडमधील लिमरिकच्या थोमंड पार्कवर पाहुण्या संघाचा खेळाडू गोलखांबांकडे किक मारत असतानाही सारे मैदान शांत राहते. असे असूनही रग्बीचे प्रेक्षक सगळेच साधू नाहीत. २००२ च्या ऑगस्टमध्ये डर्बन येथे दक्षिण आफ्रिका आणि न्यूझीलंड यांचा सामना चालू असताना एका प्रेक्षकाने मैदानात घुसून आयरिश पंच डेव्हिड मॅकह्यू यांना खाली पाडले आणि त्यांचा खांदा निखळला. परंपरा कितीही चांगली असली तरी व्यवस्था लागतेच.

मैदानाची आखणी

आपल्याकडील बहुतेक स्पर्धा काळ्या मातीच्या मैदानावर होतात आणि रेषा चुन्याच्या फक्कीने आखल्या जातात. पहिल्या दहा मिनिटांतच बोनस रेषा (जिच्या पलीकडे पाय टाकून चढाईपटू जादा गुण मिळवतो ती) पायांखाली पुसट होते आणि नंतर तिच्यावरचा प्रत्येक निर्णय वादाचा होतो. शक्य असेल तर फक्कीऐवजी जमिनीशी सपाट बसणारी पांढरी पट्टी वापरावी आणि तिची टोके मैदानाच्या बाहेर पक्की करावीत, म्हणजे कोणाच्या पायाला इजा होणार नाही. फक्कीच वापरायची असेल, तर मध्यंतरात रेषा पुन्हा आखण्यासाठी एक माणूस नेमून द्यावा आणि ते काम त्याच्याकडेच राहू द्यावे. मध्यंतरात पाहुण्यांचा सत्कार करण्यापेक्षा ही पाच मिनिटे रेषांना देणे अधिक महत्त्वाचे आहे.

पुरुषांचे मैदान १३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद असते. त्याच्या चारही बाजूंना किमान चार मीटर मोकळी जागा सोडून मग बल्ल्या आणि दोर लावावेत. दोर जवळ असला की पुढची पोरे अंतिम रेषेपर्यंत सरकतात, रेषेवर उभ्या असलेल्या सहायक गुणलेखकाच्या खांद्यावरून डोकावू लागतात आणि त्याच्या कानात निर्णय सांगू लागतात. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या उभ्या करून केलेली गॅलरी गुणलेखकांच्या टेबलामागे कधीही ठेवू नये. दोन्ही गावांचे समर्थक समोरासमोर बसवावेत. ते एकमेकांच्या शेजारी बसले की पंचांवरचा राग आपसातल्या भांडणाकडे वळायला वेळ लागत नाही.

माइकवरचा माणूस

माझ्या मते सगळ्या स्पर्धेत पंचांच्या खालोखाल महत्त्वाचा माणूस हा निवेदक असतो आणि त्याचीच निवड सर्वांत निष्काळजीपणे होते. ज्याचा आवाज मोठा आणि ज्याला शेरोशायरी येते, त्याच्या हाती माइक जातो. वास्तविक त्याला कबड्डीचे नियम पंचांइतकेच नीट माहीत असले पाहिजेत, त्याची जागा गुणलेखकांच्या टेबलाशीच असली पाहिजे आणि पंचांचे हातवारे त्याला स्पष्ट दिसले पाहिजेत. रग्बीच्या पंचाच्या अंगावरचा माइक जे काम करतो, ते आपल्याकडे या माणसाने करायचे आहे.

उदाहरणादाखल बोनसचा निर्णय पाहावा, कारण सर्वाधिक आरडाओरडा त्यावरच होतो. समोर सहा किंवा सात बचावपटू असताना चढाईपटूचा एक पाय बोनस रेषेच्या पूर्ण पलीकडे पडला पाहिजे आणि त्या क्षणी त्याचा मागचा पाय हवेत असला पाहिजे. बाजूला बसलेल्या प्रेक्षकाला पुढचा पाय रेषेपलीकडे गेलेला दिसतो. मागच्या पायाची टाच मातीला टेकलेली होती, हे रेषेच्या समांतर उभ्या असलेल्या पंचालाच दिसते. पंचांनी नुसता हात हलवून बोनस नाकारला, तर शेकडो लोकांना तो डोळ्यांदेखत झालेला पक्षपात वाटतो. त्याच क्षणी निवेदकाने सांगितले, की "बोनस नाही, मागचा पाय जमिनीवर होता, निळा संघ शून्य," तर ओरडणाऱ्यांतील निम्मे लोक शेजाऱ्याला नियम समजावून सांगू लागतात. राखीव क्षेत्राचेही, म्हणजे मैदानाच्या दोन्ही बाजूंच्या पट्ट्यांचेही, तसेच आहे. "स्पर्श होण्याआधी पाय राखीव क्षेत्रात गेला, चढाईपटू बाद, लाल संघाला एक गुण," एवढे वाक्य पुरेसे असते.

निवेदकाने निर्णय सांगावा, कारण सांगावे, गुण सांगावेत आणि थांबावे. "पंचांच्या म्हणण्यानुसार" किंवा "पंचांनी तरी असेच दिले आहे" असे शब्द त्याच्या तोंडून जाता कामा नयेत, कारण त्या शब्दांनी तो स्वतःची शंका साऱ्या गावाला ऐकवतो. आपल्या गावच्या खेळाडूला वाघ म्हणणे आणि पाहुण्या खेळाडूचा उल्लेख केवळ क्रमांकाने करणे, हेही तितकेच घातक आहे. हलगीवाल्यांना आधीच सांगून ठेवावे, की पंचांची शिट्टी झाली की हलगी थांबली पाहिजे. जल्लोषाला कोणाची हरकत नाही, तो कबड्डीचा प्राण आहे. परंतु शिट्टीनंतरची दहा सेकंदे निर्णय ऐकण्यासाठी मोकळी मिळाली पाहिजेत.

चढाईगणिक जाहीर होणारी बक्षिसे हा आणखी एक गंभीर प्रश्न आहे. "या चढाईसाठी पाटलांकडून पाचशे एक रुपये" अशी घोषणा झाली आणि नेमक्या त्याच चढाईत पंचांनी खेळाडूला बाद दिले, तर लोकांच्या दृष्टीने पंचांनी त्याचे पाचशे रुपये घालवलेले असतात. देणाऱ्याचे मन मोडू नये, त्याचे नावही जरूर घ्यावे. पण रक्कम समितीकडे जमा करून ती सामना संपल्यावर उत्कृष्ट चढाई आणि उत्कृष्ट पकडीसाठी द्यावी.

सामन्याआधीची बैठक

पंच शक्यतो दुसऱ्या जिल्ह्यातले, निदान दोन्ही संघांच्या तालुक्यांबाहेरचे बोलवावेत. त्यांचा मुक्काम आणि जेवण कोणत्याही खेळाडूच्या किंवा संघाच्या पाठीराख्याच्या घरी ठेवू नये, कारण दुपारची भाकरी कोठे खाल्ली याची चर्चा संध्याकाळी मैदानावर होते. दोन्ही कर्णधार आणि प्रशिक्षक यांना बसवून कोणते नियम लागू असतील हे एकेक करून वाचून दाखवावे : राखीव क्षेत्राचा नियम कोणता, तिसऱ्या चढाईचा (सलग दोन चढाया रिकाम्या गेल्यास तिसरीत गुण घ्यावाच लागतो, हा) नियम आहे की नाही, बरोबरी झाल्यास काय करायचे. हांगझोऊ येथील आशियाई क्रीडा स्पर्धेच्या अंतिम सामन्यात, ७ ऑक्टोबर २०२३ रोजी, भारत आणि इराण २८-२८ अशा बरोबरीत असताना राखीव क्षेत्राचा जुना नियम लागू की नवा, यावरून खेळ सुमारे तासभर थांबला होता. शेवटी भारताने तो सामना ३३-२९ असा जिंकला. जेथे आशिया खंडातील सर्वोत्तम पंच आणि चित्रीकरणाची सोय होती तेथे हे घडू शकते, तर आपल्या मैदानावर ते घडणारच नाही असे कोणी समजू नये.

याच बैठकीत पंचांशी फक्त कर्णधार बोलेल, हे ठरवून घ्यावे आणि तोच ठराव सामन्याआधी माइकवरून प्रेक्षकांनाही ऐकवावा. हुर्योची सुरुवात अनेकदा प्रेक्षकांतून होतच नाही. ती राखीव खेळाडूंच्या बाकावरून होते. प्रशिक्षक दोन्ही हात वर करून उभा राहिला, की त्याच्या पाठीमागचे लोक काय झाले हे न पाहताच ओरडू लागतात. कबड्डीत हिरवे कार्ड म्हणजे ताकीद, पिवळे म्हणजे दोन मिनिटे बाहेर आणि लाल म्हणजे सामन्यातून बाहेर, ही साधने पंचांच्या हाती आहेतच. त्यांनी ती वापरली तर समिती त्यांच्या पाठीशी उभी राहील, हे अध्यक्षांनी सर्वांसमोर सांगावे. पंचांना खरा आधार या एका वाक्याचा वाटतो.

आणखी एक बाब वेळेची. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक वापरता येत नाही. उद्घाटन लांबते, भाषणे लांबतात आणि अंतिम सामना नेमका माइक बंद झाल्यावर, थकलेल्या आणि तापलेल्या गर्दीसमोर सुरू होतो. म्हणून अंतिम सामना आठ वाजता सुरू होईल असे वेळापत्रक आखावे आणि त्यासाठी भाषणे कापावी लागली तर ती कापावीत.

तरीही हुर्यो उठली तर

पंचांनी वेळ थांबवावी, मध्य रेषेजवळ उभे राहावे आणि प्रेक्षकांशी एक शब्दही बोलू नये. निवेदकाने कारण पुन्हा एकदा, पहिल्याच स्वरात सांगावे. त्यानंतर ज्या संघाचे समर्थक ओरडत आहेत, त्याच संघाच्या कर्णधाराला त्यांच्यासमोर पाठवावे. स्वतःच्या गावच्या पोराने हात जोडले की लोक बसतात. न बसल्यास त्याच गावच्या एखाद्या ज्येष्ठ माणसाला पुढे करावे. पोलिसांना पहिल्याच मिनिटाला दोराच्या आत आणले तर वातावरण शांत होण्याऐवजी तापते. मात्र बाटली, दगड किंवा चप्पल मैदानात आली, तर समजूत काढण्यात वेळ न घालवता पंच आणि दोन्ही संघ यांना बाहेर न्यावे, गुणपत्रकावर त्या क्षणाचे गुण आणि उरलेली वेळ लिहून दोन्ही कर्णधारांच्या सह्या घ्याव्यात आणि उरलेला खेळ दुसऱ्या दिवशी सकाळी घ्यावा. महिलांच्या सामन्यात खेळाडूंवर किंवा महिला पंचांवर अश्लील शेरा मारणाऱ्याला ताकीद देत बसू नये. त्याला लगेच बाहेर काढावे.

प्रेक्षकांतून कोणीतरी मोबाईल पुढे करून "हे बघा" म्हणतोच. समितीचा स्वतःचा कॅमेरा नसेल, तर कोणतेही चित्रीकरण ग्राह्य धरले जाणार नाही, हे आधीच जाहीर करावे. कॅमेऱ्याने वाद संपतील, या भरवशावरही राहू नये. २०२३ च्या रग्बी विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात चित्रीकरण तपासणारा स्वतंत्र पंच होता. तो सामना दक्षिण आफ्रिकेने १२-११ असा जिंकला आणि त्यानंतर पंच वेन बार्न्स आणि चित्रीकरण तपासणारे टॉम फोली यांना इतक्या शिव्या आणि धमक्या आल्या, की फोली आंतरराष्ट्रीय सामन्यांपासून दूर झाले.

पंचांची चूक होतच नाही, असा आग्रह धरू नये. २०१५ च्या रग्बी विश्वचषकात ऑस्ट्रेलियाने स्कॉटलंडला ३५-३४ असे हरवले ते शेवटच्या मिनिटांतील एका पेनल्टीवर, आणि क्रेग जुबर्ट यांनी दिलेली ती पेनल्टी चुकीची होती, हे दुसऱ्याच दिवशी जागतिक रग्बी संघटनेने जाहीर केले. निकाल मात्र तोच राहिला. आपणही तक्रारीची वाट उघडी ठेवावी : सामना संपल्यानंतर अर्ध्या तासात, लेखी, फक्त कर्णधाराच्या सहीने. समितीने तिचे उत्तरही लेखी द्यावे आणि चूक झाली असेल तर ती स्पष्ट शब्दांत मान्य करावी, पण त्या निर्णयावरून निकाल फिरवला जाणार नाही, हे नियमपत्रिकेत आधीच छापलेले असावे.

पंचांचे मानधन पहिल्या सामन्याआधीच द्यावे, कारण रात्री निकाल लागल्यावर पाकीट हाती पडले तर त्याचे दहा अर्थ निघतात. त्यांची गाडी गर्दीच्या विरुद्ध बाजूला, तोंड रस्त्याकडे करून लावलेली असावी आणि मंडळाचे दोन जाणते सदस्य त्यांच्याबरोबर निदान फाट्यापर्यंत जावेत. गावच्या व्हॉट्सॲप गटांच्या चालकांनी त्या रात्री पंचांचे नाव, फोटो किंवा मोबाईल क्रमांक टाकणारा संदेश दिसताच काढून टाकावा. दुसऱ्या दिवशी सकाळी गुणलेखकाने ज्या ज्या निर्णयांवर हुर्यो झाली, ते निर्णय चढाईच्या वेळेसह वहीत उतरवून घ्यावेत. त्यांतील बहुतेक एकाच रेषेवरचे किंवा एकाच बाजूचे निघाले, तर पुढच्या वर्षी दोर, दिवे आणि सहायक गुणलेखकाची जागा त्यानुसार बदलावी.