डी थ्रीची पुडी सोसत नाही? आधी या चुका टाळा

सोलापुरात उन्हाचा तुटवडा म्हटलं तर कुणीही हसेल. पण मे महिन्यात दुपारी बाहेर पडतो कोण? आणि बंद खिडकीच्या काचेतून येणाऱ्या उन्हानं अंगात व्हिटॅमिन डी तयार होत नाही. म्हणून डॉक्टर आठवड्यातून एकदा घ्यायची डी थ्रीची, म्हणजे व्हिटॅमिन डीच्याच एका प्रकाराची, पुडी लिहून देतात, आणि दोन-तीन आठवड्यांत तक्रार येते, "मला ही सोसत नाही बाई."

आमच्या आत्याचं हेच झालं. दर रविवारी पुडी, दर रविवारी मळमळ. विचारलं तर म्हणाली, "पहाटे अनशापोटी घेते, औषधच ना ते!" इथंच गडबड होती. डी हे स्निग्धात विरघळणारं जीवनसत्त्व, ते भरल्या पोटी घ्यावं. तेही नुसत्या ताक-भातावर नको. आत्यानं पुडी दुपारच्या भाकरीनंतर घ्यायला सुरुवात केली, भाकरीसोबत तेल घातलेली शेंगा चटणी. मळमळ गेली.

दुसरी चूक बोलण्यातली. डॉक्टरांना "पित्त झालं" एवढंच सांगू नका. छातीत जळजळ हेही आपलं पित्त, अंगावर गांधी उठल्या तेही पित्तच. पहिलं बहुतेक वेळा पोटाचं दुखणं असतं, दुसरं ॲलर्जी असू शकतं, आणि त्यात पुढचा डोस विचारल्याशिवाय घ्यायचा नाही. ओठ-जीभ सुजली, श्वास लागला, तर वाट बघू नका, 108 ला फोन लावा.

खऱ्या डी ची ॲलर्जी फार क्वचित. बऱ्याचदा खोड सोबतच्या मालमसाल्यात असते: कॅप्सूलचं जिलेटिन, आतलं सोयाबीन किंवा शेंगदाण्याचं तेल, पुडीतला रंग, स्वाद, साखर. रोज शेंगा चटणी खाऊन ज्याला काही होत नाही, त्यानं शेंगदाण्याच्या तेलावर संशय घेण्यात अर्थ नाही, पण रंगावर घ्यावा. म्हणून खोकं फेकू नका, डॉक्टरांना दाखवा. पुडीऐवजी थेंब किंवा दुसऱ्या कंपनीची गोळी देता येते.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे आठवड्याची मात्रा रोज घेणं. पुडीत किंवा तशाच आठवड्याच्या एका कॅप्सूलमध्ये बहुधा 60,000 युनिट असतात. डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय मोठ्या माणसानं रोज 4,000 युनिटच्या वर जाऊ नये, यावरून हिशोब करा. चार कॅप्सूलची पट्टी बघून "चार दिवसांचा कोर्स" समजणारे मी पाहिलेत. मेडिकलमधून परत परत आणून महिनोन्महिने असं चाललं तर रक्तातलं कॅल्शियम वाढतं. मग भूक मरते, उलट्या होतात, शौचाला कडक होतं, तहान लागते. उन्हाळ्यात तहानेचं कुणाला नवल वाटत नाही, तीच पंचाईत. पण उन्हानं तहान लागली तर लघवी कमी होते. इथं तहानही लागते आणि लघवीलाही सारखं जावं लागतं. असं दिसलं की पुडी थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. ते रक्तातलं कॅल्शियम, क्रिएटिनिन (यावरून किडनीचं काम कळतं) आणि व्हिटॅमिन डी तपासतील. साठलेलं डी उतरायला आठवडे लागतात, त्यामुळे "बंद केली, झालं" असं नसतं.

मुतखडा, किडनीचा आजार, टीबी, सारकॉइडोसिस (फुप्फुसात वगैरे बारीक गाठी होणारा आजार) असेल किंवा डिगॉक्सिन हे हृदयाचं औषध, थायझाइड जातीची बीपीची गोळी चालू असेल, तर पुडी सुरू करण्याआधीच सांगा. शेजारणीची उरलेली पुडी तर नकोच.

आता एक बारीक गोष्ट. डी सोबत बहुधा कॅल्शियमची गोळीही चालू असते, तिच्यातही बऱ्याचदा डी थ्री असतं, आणि त्रास झाला की आपण दोन्ही एकदम सोडतो. मग दोष कुणाचा, कसं कळणार? आत्याला मळमळ गेल्यावरही पोट साफ होत नव्हतं. ती भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेन्सिलीनं पुडीला "पु", गोळीला "गो" आणि त्रासाला फुली लिहायला लागली. महिनाभरात दिसलं की फुल्या रविवारच्या "पु"जवळ नव्हत्याच, सगळ्या "गो"च्या दिवशी होत्या. डॉक्टरांनी कॅल्शियमची गोळी बदलून दिली. पुडी चालू राहिली.