किलोच्या आणि घनफुटाच्या भावात: मराठवाड्यात जुने फर्निचर व चित्रे शोधताना

मराठवाड्यात जुन्या वस्तूंचा म्हणून ओळखला जाणारा, मुंबईच्या चोरबाजारासारखा मोठा बाजार नाही, आणि स्वस्तात खरेदी करू पाहणाऱ्याच्या दृष्टीने ही अडचण नसून सोय आहे. आपल्याकडे जुने लाकूड, पितळ आणि चित्रे प्रामुख्याने तीन वाटांनी बाहेर पडतात: पाडलेल्या वाड्याचे सामान घेणारी जुन्या लाकडाची वखार, गल्लोगल्ली फिरणारा भंगारवाल्याचा हातगाडा आणि आठवडी बाजाराच्या कडेला अंथरलेली ताडपत्री. या तिन्ही ठिकाणी लाकडाचा भाव घनफुटावर ठरतो आणि धातूचा किलोवर. तीच वस्तू एकदा घासूनपुसून, पॉलिश करून दुकानाच्या काचेमागे गेली आणि तिला कोणी ‘अँटिक’ म्हटले की मग भाव विक्रेत्याच्या मर्जीचा होतो. म्हणून वस्तू घनफुटाच्या आणि किलोच्या भावात असतानाच तिच्यापर्यंत पोहोचणे हे पहिले काम, आणि मळाखाली, रंगाच्या पाच थरांखाली काय दडले आहे हे ओळखणे हे दुसरे.

वखारीपासून सुरुवात करणे उत्तम. मराठवाड्यातील जुनी घरे माळवदाची; जाड भिंती, लाकडी खांब, त्यांवर तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर किलच्या आणि वर मातीचा थर. घराचा मोठेपणाही खणांत, म्हणजे दोन तुळयांमधल्या जागांत, मोजला जाई, म्हणजे त्यात लाकूड किती हे सांगण्याचीच ती रीत होती. 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारी भूकंपात लातूर आणि उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यांत अशाच दगडमातीच्या जड घरांखाली हजारो माणसे दगावली, आणि त्यानंतर माळवदावरचा विश्वास उडून लोक सिमेंटच्या घरांकडे अधिक वेगाने वळले. पैठणसारख्या जुन्या गावांत वाडे पडण्याचे कारण बहुधा याहून साधे असते: भावाभावांची वाटणी. कारण कोणतेही असो, वाडा उतरला की त्याची दारे, चौकटी, गणेशपट्ट्या, कोरीव खांब, खांबाच्या माथ्यावरचे हस्त आणि भिंतीतल्या फडताळांची झडपे वखारीत येऊन एकावर एक पडतात. वखारवाल्याला रस तुळयांत असतो, कारण त्या कापून नव्या चौकटी निघतात. कोरलेला भाग त्याच्या दृष्टीने अडचणीचा, कारण तो रंध्याखाली घालता येत नाही. कमी किमतीत मिळण्यासारखे जे आहे ते नेमके तिथेच.

वखारीत जाताना टेप सोबत ठेवावा आणि घनफुटाचा हिशेब स्वतः करावा. सहा फूट लांब आणि सहा इंच बाय सहा इंच जाडीचा खांब म्हणजे सहा गुणिले अर्धा गुणिले अर्धा, दीड घनफूट. त्या दिवशीचा जुन्या सागवानाचा घनफुटाचा दर आधी सहज विचारून घ्यावा, मग वस्तूकडे वळावे. कोरीव खांबाची किंमत त्याच्या लाकडाच्या किमतीच्या आसपास सांगितली गेली तर ती खरेदी चुकवू नये. दुपटीच्या पुढे गेली तर समजावे की आपल्या आधी कोणी अंतर्गत सजावटकार येऊन गेला आहे. जुन्या दाराचे मेज, तुळईचा बाक, झडपांची आरशासाठी चौकट असे रूपांतर करणार असाल तर सुताराची मजुरी धरूनच आकडा ठरवावा, कारण अनेकदा मजुरी वस्तूपेक्षा जड जाते.

तयार फर्निचर वखारीत कमी आणि बाजारात जास्त मिळते. छत्रपती संभाजीनगरात जाफर गेटचा रविवारचा आणि छावणीचा गुरुवारचा आठवडी बाजार हे सुरुवात करण्यास योग्य आहेत. तालुक्याच्या गावी आठवडी बाजारात भाजी आणि जनावरे ओलांडून लोहाराच्या पालांपर्यंत चालत जावे. जुन्या वस्तूंची ताडपत्री बहुधा तिथे, बाजाराच्या शेवटाला असते. सकाळी निवड चांगली मिळते आणि बोहनीच्या गिऱ्हाइकाला विक्रेता सहसा परत पाठवत नाही. दिवस कलल्यावर उरलेला माल परत वाहून नेण्याचा कंटाळा भाव खाली आणतो. मोठ्या लाकडी वस्तूसाठी संध्याकाळ आणि चित्रे, पानदान, अत्तरदाणी अशा एकेरी वस्तूंसाठी सकाळ, असे मी तरी पाळतो. ऋतूही पाहावा. नवरात्रापूर्वीच्या आवराआवरीत घरोघरचे माळे रिकामे होतात आणि भंगारवाल्यांचे गाडे भरतात. त्याच्या अगोदरचा पितृपंधरवडा पुष्कळ लोक खरेदीला वर्ज्य मानतात, म्हणून ज्याला तशी अडचण वाटत नाही त्याने हेच पंधरा दिवस साधावेत.

भंगारवाल्याशी ओळख असणे हे बाजार फिरण्यापेक्षाही उपयोगाचे. जालन्यात लोखंड वितळवून सळया तयार करणारे कारखाने आहेत, आणि भागातील भंगाराचा मोठा ओघ तिकडे जातो. ओतीव लोखंडाची नक्षीदार जाळी, जिन्याचा कठडा किंवा शिवणयंत्राचा पाय एकदा त्या ट्रकमध्ये चढला की संपला. आपल्याला काय हवे आहे हे भंगारवाल्याला नेमके सांगावे, शक्य असल्यास फोटो दाखवावा, आणि त्याने आणलेली पहिली वस्तू फारशी आवडली नाही तरी घ्यावी. पहिल्याच वेळी त्याला हात हलवत परत पाठवले तर दुसऱ्यांदा तो येणार नाही.

आता लाकडाची पारख. आपल्या भागात चांगल्या घरांत सागवान वापरले जाई, आणि किनवट-माहूरच्या जंगलात ते जवळच उपलब्धही होते. साध्या घरांत बाभूळ, कडुलिंब आणि आंबा असे. शिसव मुख्यत्वे खुर्च्या, दिवाण आणि पेट्यांत दिसते. रंगावरून काहीही ठरवू नये, कारण गडद पॉलिशखाली आंबाही शिसव होतो. खण (ड्रॉवर) पूर्ण बाहेर काढून त्याच्या तळाला, किंवा पायाच्या बुडाशी, विक्रेत्याची परवानगी घेऊन नखाएवढा भाग चाकूने खरवडावा. सागवान आत सोनेरी तपकिरी दिसते, हाताला किंचित तेलकट लागते आणि त्याला चामड्याची आठवण करून देणारा वास येतो. शिसव जांभळट काळ्या रेषांचे आणि उचलताना अपेक्षेपेक्षा जड लागणारे. खरवडल्यावर पांढुरके, बिनवासाचे लाकूड निघाले तर पुढे बोलण्याचे कारण नाही.

वयाची पारख समोरून होत नसते. वस्तू उलटी करावी आणि पाठीकडून पाहावी. हाताच्या करवतीच्या खुणा सरळ आणि थोड्या असमान असतात, यंत्राच्या गोल करवतीच्या खुणा कमानीसारख्या वळतात. जुना सुतार सांधे कुसू आणि साल घालून, म्हणजे एका लाकडाचे टोक दुसऱ्याच्या खाचेत बसवून, लाकडी खुंटीने पक्के करी. ती खुंटी बोटाला किंचित वर आलेली जाणवते, कारण भोवतालचे लाकूड काळाच्या ओघात आकसते आणि खुंटीची लांबी तशीच राहते. गोल मेजाचा व्यास दोन दिशांनी मोजावा. लाकूड रेषांच्या आडव्या दिशेने आकसत असल्यामुळे खरोखर जुने गोल मेज बारीकसे लंबगोल झालेले असते; दोन्ही मापे काटेकोर सारखी आली तर शंका घ्यावी. अधिक चिन्हाच्या खाचेचा स्क्रू दिसला तर तो सांधा निदान 1930 नंतरचा आहे, अर्थात दुरुस्तीतही असा स्क्रू येऊ शकतो. पॉलिश मूळचे आहे का हे पाहण्यासाठी कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये भिजवून कोपऱ्यात टेकवावा. चपडी लाखेचे जुने पॉलिश मऊ पडून चिकट होते, आजचे पॉलियुरेथेन ढिम्म राहते.

कीड या एका बाबतीत मात्र दयामाया ठेवू नये. मी एकदा एका बाजारातून सुरेख कडीकोयंड्याची संदूक आणली, भोके जुनी आहेत या विक्रेत्याच्या शब्दावर विसंबलो आणि तिला बैठकीत जागा दिली. दोन महिन्यांनी तिच्याखाली पिठासारखी भुकटी दिसू लागली, आणि पुढच्या उन्हाळ्यात शेजारच्या दाराच्या चौकटीलाही तोच किडा लागला. संदूक स्वस्त पडली होती, चौकट नाही. तेव्हापासून मी वस्तू काळ्या कापडावर ठेवून चारही बाजूंनी हाताने ठोकतो. फिकट, ताजी भुकटी पडली किंवा भोकाची कड आतून स्वच्छ दिसली तर किडा जिवंत आहे. भोकात मळ आणि जुने पॉलिश साचलेले असेल तर बहुधा तो केव्हाच गेला आहे. वाळवी वेगळी, तिच्या मातीच्या नळ्या पायांच्या आतल्या बाजूला शोधाव्यात आणि पाय पेचकसाने टोचून पाहावेत. आणलेली प्रत्येक लाकडी वस्तू पहिला महिनाभर घराबाहेर, ओसरीत किंवा गच्चीच्या खोलीत ठेवावी. भोके दिसलीच तर वाळवीचे औषध सिरिंजने भोकाभोकांत सोडून वर मेण भरावे.

धातूच्या वस्तूंसाठी खिशात एक लोहचुंबक पुरतो: पितळ, तांबे आणि कासे त्याला चिकटत नाही, पितळेचा मुलामा दिलेले लोखंड चिकटते. घंगाळ, हंडा, समई यांच्या भावाला मोडीचा दर हा तळ असतो, तो त्या सकाळी विचारून निघावे. बिदरी पानदान किंवा हुक्क्याचे बूड दिसले तर थांबावे. हैदराबाद संस्थानामुळे अशा वस्तू मराठवाड्यातल्या घरांत आल्या आणि आजही अधूनमधून बाहेर पडतात. बिदरीचा मूळ धातू मुख्यतः जस्ताचा, म्हणून वस्तू जड असते. चांदीची तार खाचेत ठोकून बसवलेली असल्यामुळे काळा रंग बिदरच्या किल्ल्याच्या मातीच्या प्रक्रियेने आला तरी चांदी पांढरीच राहते. नक्षीवर नख फिरवून चांदी बसवलेली आहे की नुसती वरून रंगवली आहे ते पाहावे. आणि अशी वस्तू चिंचेने, पितांबरीने कदापि घासू नये; काळेपणा गेला की तिची किंमतही जाते.

चित्रांत फसवणूक सर्वांत जास्त होते. रविवर्मा प्रेस 1894 मध्ये मुंबईत सुरू झाला आणि पुढे मळवलीला गेला. त्याच्या लक्ष्मी-सरस्वती घरोघरी लागल्या, आणि त्यांच्या नकलाही तितक्याच छापल्या गेल्या. दहापट मोठे दाखवणारे भिंग घेऊन चेहऱ्याचा भाग पाहावा. त्या काळच्या दगडी छपाईत (लिथोग्राफीत) रंगाचे ठिपके वाळूसारखे विस्कळीत असतात, आजच्या ऑफसेट छपाईत ते ओळीत, फुलांसारख्या गुच्छांत बसतात. हा एक फरक डोळ्यांत ठसला की दहापैकी नऊ नकला दारातच गळतात. खालच्या समासातले प्रेसचे नाव चौकट करताना अनेकदा कापलेले असते, तेव्हा नाव नाही म्हणून चित्र टाकू नये. चौकटीची पाठ वाचावी. आधाराला लावलेले वर्तमानपत्र, उर्दू छाप, चौकटवाल्याची चिठ्ठी यांवरून चौकटीचा काळ कळतो, चित्राचा कळेलच असे नाही. जुना फोटो काचेला चिकटला असेल तर ओढून काढू नये, काचेसकटच घरी न्यावा. हैदराबादच्या स्टुडिओचा शिक्का असलेला जाड पुठ्ठा मिळाला तर त्यावरील माणसे अनोळखी असली तरी घ्यावा.

पैठणच्या कथाचित्रांविषयी, म्हणजे रामायण-महाभारतातील प्रसंगांच्या त्या मोठ्या डोळ्यांच्या रंगीत कागदांविषयी, वेगळे सांगावे लागेल. अस्सल पान शंभर वर्षांहून जुने असते आणि तिथे कायदा सुरू होतो. 1972 च्या पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती अधिनियमाने शंभर वर्षांहून जुनी कलाकृती, आणि पंच्याहत्तर वर्षांहून जुने महत्त्वाचे हस्तलिखित, पुरावशेष ठरते. त्यांचा व्यापार परवानाधारकालाच करता येतो, मूर्ती आणि चित्रे यांसारख्या प्रकारांची नोंदणी करावी लागते आणि खासगी व्यक्तीला ते देशाबाहेर पाठवता येत नाहीत. देवळातील मूर्ती, प्रभावळ किंवा शेतात सापडलेले नाणे कोणी कापडात गुंडाळून दाखवू लागला तर हातही लावू नये. हस्तिदंत आणि वन्य प्राण्यांच्या शिंगांच्या मुठी वन्यजीव कायद्यात येतात, त्याही सोडाव्यात. जुने पाहून डोळा तयार करायचा असेल तर पैठणचे शासकीय संग्रहालय आणि तेरचे रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालय आहे.

घासाघीस करताना वस्तूची निंदा करू नये. ती विक्रेत्याच्याच एखाद्या ओळखीच्या घरातून आलेली असते. दोष बोटाने दाखवावा, दुरुस्तीला किती लागतील ते सांगावे आणि ‘मामा, शेवटचं काय घ्यायलाव?’ किंवा ‘चाचा, बराबर बोलो’ एवढे विचारून गप्प राहावे. दोनतीन वस्तू एकत्र मागितल्या की हवी असलेली वस्तू त्यांत सहज उतरते. सुटे पैसे जवळ ठेवावेत, आणि मोठी वस्तू असेल तर विक्रेत्याचे नाव, गाव व तारीख घालून साध्या कागदावर पावती लिहून घ्यावी. चोरीच्या मालाचा प्रश्न उद्भवला तर तो कागद कामी येतो. भाव ठरवण्याच्या आधी टेम्पोचे भाडे विचारावे आणि घराचा जिना मोजावा. माझा सहा फुटी दिवाण जिन्याच्या वळणावर अडकला तेव्हा त्याचे पाय सुट्टे होतात हे सुताराने दाखवले, आणि त्या कामाचे त्याने दिवाणाच्या निम्मे पैसे घेतले.