जांभळाचा शिरका आणि समोरच्या भाभीजी

जिन्याखाली बरणी फसफसायला लागली की समोरच्या भाभीजी हमखास विचारतात, "क्या चाचीजी, भट्टी लगा ली?" आंबोळीचं पीठ फुगलं तर मी सुगरण, जांभूळ फुगलं तर आमच्या रामबागेत कुजबुज.

लीड्सला मुलाकडे होते तेव्हा उलटं पाहिलं. ब्रिटनमध्ये 1953 साली साखरेचं रेशनिंग उठलं आणि घरगुती वाइनचा छंद पसरला. शेजारचे आजोबा ब्लॅकबेरीची करायचे. बाटलीबाटलीला चिठ्ठी, घनतेची वही वेगळी. त्यांच्याही वाइनला लोक हसायचे म्हणे. हसणं थांबलं ते वहीमुळे, असं मला वाटतं. अंदाजपंचे करणाऱ्याला कारागीर कोण म्हणेल?

आपल्या मध्य प्रदेशात परवान्याशिवाय वाइन करता येत नाही. म्हणून मी रस शिरक्यापर्यंत, म्हणजे व्हिनेगरपर्यंत, नेते. (मधल्या आठवड्यात काय असतं, ते भाभीजींना सांगू नका.)

दोन किलो पिकलेली जांभळं हाताने कुस्करा. मिक्सर नको, बिया फुटून कडवटपणा येतो. उकळून गार केलेलं दोन लिटर पाणी घाला. आता हायड्रोमीटर (रसाची घनता मोजणारी काचेची नळी) बुडवा आणि 1.050 येईपर्यंत साखर विरघळवा. मी शाळेच्या प्रयोगशाळेत तीस वर्षं काढली, त्यामुळे वाटीच्या मापावर माझा विश्वास नाही: जांभूळ दरवर्षी वेगळं गोड असतं. वाइनचं यीस्ट अर्धा चमचा पुरे. बेकरीचं चालतं, पण पावाचा वास राहतो.

बरणी काचेची किंवा चिनी मातीची, अॅल्युमिनियम अजिबात नको. झाकण सैल. पहिल्या वर्षी मी ते घट्ट फिरवलं होतं. छतावरचा जांभळा डाग दोनदा रंग देऊनही दिसतो. सालं रोज खाली दाबा, नाहीतर वर बुरशी धरते.

पाच-सात दिवसांत घनता 1.000च्या आसपास आली की गाळा. म्हणजे साधारण साडेसहा टक्के अल्कोहोल झालं. त्यात एक चतुर्थांश न उकळलेला जुना शिरका घालून रुंद तोंडाच्या बरणीत ओता आणि तोंडाला मलमल घट्ट बांधा, चिलटं क्षणात पोचतात. आता हवा हवीच, तिच्याशिवाय जिवाणू अल्कोहोलचं आम्ल करत नाहीत. वर जाड साय धरेल. ती ढवळायची नाही. सहा ते आठ आठवडे.

विकतच्या ब्रूड, म्हणजे आंबवून केलेल्या, व्हिनेगरला किमान 3.75 टक्के आम्ल लागतं. माझी जुनी ब्युरेट (आम्ल मोजायची काचेची नळी) आहे, मी मोजते. तुमच्याकडे नसेल तर लोणच्यात घालू नका, कांद्यावर शिंपडा.

भाभीजी गणपतीत एक बाटली नेतात. वर्तमानपत्रात गुंडाळून.